सालीचं सूत, नदीचा मासा

जून लागला की उत्तर जपानमधल्या होक्काइदो बेटाच्या डोंगरातला बर्फ ओसरलेला असतो आणि झाडांत रस चढलेला असतो. ओह्यो नावाच्या, एल्मच्या कुळातल्या झाडाची साल काढायची ती याच दिवसांत. आधी झाडाची प्रार्थना करायची. मग बुंध्यापाशी आडवी चीर द्यायची, सालीची कड सोडवून ती दोन्ही हातांत घट्ट धरायची आणि मागे रेलून वर वर ओढत न्यायची. साल खोडापासून सुटत जाते, वर जाता जाता निमुळती होते आणि उंचावर कुठेतरी आपली आपण तुटून खाली पडते. सगळं खोड उघडं करायचं नाही. एक पट्टा घ्यायचा, बाकीची साल झाडाला राहू द्यायची. उरलेली साल वाऱ्याने सुटू नये म्हणून ती खोडाला बांधून ठेवायची, अशीही रीत होती. बाहेरचा खडबडीत थर तिथेच सोलून टाकायचा आणि आतली ओलसर, चिवट साल तेवढी घरी न्यायची.

खरं काम घरी सुरू होतं. साल राखेच्या पाण्यात उकळायची, किंवा डबक्यात, गरम पाण्याच्या झऱ्यात कित्येक दिवस भिजत घालायची. बुळबुळीतपणा धुऊन काढला की सालीचे पदर सुटायला लागतात. ते एकेक करून वेगळे करायचे, वाळवायचे आणि नखाने चिरून त्यांच्या बारीक पट्ट्या करायच्या. पट्टीला पट्टी गाठायची, पीळ द्यायचा, सुताचा गुंडा करायचा. मागही अगदी साधा असतो. ताण्याचं एक टोक खुंट्याला आणि दुसरं विणणारीच्या कमरेला. ताण धरायचा तो तिने स्वतःच्या पाठीने. पुढे वाकली तर ताणा सैल, मागे रेलली तर घट्ट. एक अंगरखा अंगावर चढेपर्यंत महिने जातात, आणि त्यातला फार थोडा वेळ मागावरचा असतो. बाकीचा सगळा सुताचा.

या कापडाला अत्तुश म्हणतात. ते विणणारे लोक आयनू: होक्काइदो, साखालिन, कुरील बेटं आणि होन्शूचं उत्तर टोक या प्रदेशाचे मूळचे रहिवासी. अत्तुश पाण्याला दाद देत नाही, काट्याकुट्यांत फाटत नाही. एदो काळात होक्काइदोचा माल ओसाकापर्यंत नेणाऱ्या कितामाएबुने जहाजांवरचे जपानी खलाशीही ते आवडीने वापरत. म्हणजे हे कापड कुणा दूरच्या जमातीच्या घरापुरतं कधीच नव्हतं. त्याला बाजार होता, मागणी होती, नाव होतं.

मग ते विणणारे हात इतके थोडे का उरले? या प्रश्नाचं उत्तर शोधताना मी मागापासून सुरुवात केली आणि झाडाशी, मग जंगलाच्या मालकीशी आणि शेवटी नदीतल्या माशाशी येऊन पोचलो. आयनू कलेबद्दल जे काही लिहिलं जातं त्यात नक्षी असते, नृत्य असतं, लोकांची चिकाटी असते. ते सगळं खरं आहे. पण हातातली कला पुढच्या हातात जायची तर तिचा कच्चा माल जिथून येतो ती जागाही त्याच हातांना मोकळी असावी लागते. गेल्या दीडशे वर्षांत आयनूंकडून आधी हीच जागा गेली, आणि परत मिळताना सगळ्यांत मागे हीच राहिली आहे.

*

आयनू घर, म्हणजे चिसे, एका खोलीचं असायचं आणि मध्यभागी लांबट चौकोनी अग्निकुंड. त्या अग्नीत आपेहुची कामुय राहते, अग्नीची आजी. आयनूंच्या जगात कामुय सगळीकडे आहेत: अस्वलात, घुबडात, सामन माशात, झाडात आणि माणसाने केलेल्या भांड्याकुंड्यांतही. झिजलेली, मोडलेली वस्तू उकिरड्यावर फेकायची नाही. तिचे आभार मानून तिला तिच्या जगात परत पाठवायचं. काम करून देणाऱ्या वस्तूला जिथे असा निरोप दिला जातो, तिथे ती बनवणारा हात हलगर्जी राहत नाही.

शिकणं याच अग्नीभोवती व्हायचं. मुलगी आईशेजारी बसून राखेत, नाहीतर नदीकाठच्या वाळूत काडीने नक्षी गिरवायची. चक्राकार वळणारा मोरेऊ, काट्यासारखं टोक असलेला आयुश. पुसायचं, पुन्हा काढायचं. कागद नव्हता, नमुन्यांची वही नव्हती, पण वळण एकदा बोटांत उतरलं की कापडावर आखल्याशिवाय टाका पडायचा. गळा, बाह्यांची तोंडं आणि खालची कड इथे नक्षी दाट असायची. तिथून वाईट शक्ती आत शिरू नये म्हणून, असं सांगितलं जातं. मुलगे बापाकडे बघत लाकूड कोरायला शिकत. माकिरी, म्हणजे कमरेला लावायचा छोटा सुरा, आणि त्याची कोरीव मूठ, कोरीव म्यान. तरुणाने मनातल्या मुलीला स्वतः कोरलेली माकिरी द्यायची आणि तिने त्याला स्वतः भरतकाम केलेली मनगटपट्टी. ज्याचं कोरीवकाम कच्चं त्याच्या हाती संसार कसा सोपवायचा, हा हिशेब दोन्ही घरांना कळत असे.

सामग्री सगळी भोवतालची. चटया पाणथळीतल्या पाणकणसाच्या, सारानिप नावाच्या पिशव्या झाडांच्या आतल्या सालीच्या, तोंडाशी धरून वाजवायची मुक्कुरी बांबूची. हिवाळ्यातले बूट सामनच्या कातड्याचे. त्यासाठी अंडी घालून झालेला, शेवटाला आलेला मासा बरा, कारण त्याची कातडी जाड आणि चिवट झालेली असते. हे ज्ञान पुस्तकातून येत नाही. मासा कोणत्या आठवड्यात, नदीच्या कोणत्या भागात, कसा दिसतो हे ज्याने वर्षानुवर्षं पाहिलं, त्यालाच कोणती कातडी बुटाला घ्यायची ते समजतं. आयनूंच्या कोणत्याही हस्तकलेचं असंच आहे. तिचं निम्मं शिक्षण घराबाहेर होतं.

*

१८६९ साली जपानच्या मेइजी सरकारने या बेटाचं नाव होक्काइदो ठेवलं आणि वसाहतीसाठी वेगळं खातं उघडलं. त्यानंतर जे झालं ते एका दमात सांगता येण्यासारखं आहे, आणि तसंच सांगायला हवं, कारण ते झालंही तितक्याच झपाट्याने. १८७१ मध्ये मुलींच्या ओठांभोवतीच्या गोंदणावर आणि पुरुषांच्या कर्णभूषणांवर बंदी आली. जपानी भाषा शिकण्याचा आग्रह सुरू झाला. १८७६ मध्ये विषारी बाणांनी शिकार करण्यावर बंदी आली. नद्यांमधली सामनची मासेमारी एकेक करून बेकायदा ठरली. जंगल सरकारी झालं, मोठाले तुकडे वसाहतवाल्यांना आणि कंपन्यांना गेले. १८९९ मध्ये ‘होक्काइदो माजी आदिवासी संरक्षण कायदा’ आला. त्याने प्रत्येक आयनू कुटुंबाला शेतीसाठी जास्तीत जास्त पाच हेक्टरच्या आसपास जमीन देऊ केली, आणि पंधरा वर्षांत ती लागवडीखाली आली नाही तर काढून घेण्याची तरतूदही केली. शिकार आणि मासेमारीवर जगणाऱ्यांच्या वाट्याला उरलेसुरले, दलदलीचे, उताराचे तुकडे आले. मुलांसाठी वेगळ्या शाळा निघाल्या आणि शिक्षण जपानीत. हा कायदा १९९७ पर्यंत पुस्तकात होता.

अशा वेळी आईने मुलीला राखेत नक्षी का शिकवावी? तिला माहीत असतं की त्या नक्षीचा अंगरखा घालून मुलगी शाळेत गेली तर तिची टर उडेल. भाषेचंही तसंच झालं. अनेक घरांत आजी-आजोबा आपसांत आयनू बोलत आणि नातवंडं खोलीत आली की जपानीकडे वळत. त्यांना भाषेची लाज वाटत होती असं मला वाटत नाही. नातवंडांना आपल्यासारखं भोगावं लागू नये, एवढीच त्यांची इच्छा असावी. युनेस्कोने २००९ मध्ये आयनू भाषा अतिसंकटग्रस्त भाषांच्या यादीत घातली.

काही घरांनी मात्र शिकवणं थांबवलं नाही. चिरी युकिए ही १९०३ साली नोबोरीबेत्सूत जन्मलेली मुलगी आजी आणि मावशीजवळ, आसाहिकावातल्या चिकाबुमी वस्तीत वाढली. दोघीही युकार, म्हणजे आयनूंची मौखिक वीरकाव्यं आणि देवकाव्यं, गाणाऱ्या. भाषातज्ज्ञ किंदाइची क्योसुके यांच्या सांगण्यावरून युकिएने तेरा देवकाव्यं रोमन लिपीत उतरवली आणि त्यांचा जपानी अनुवाद केला. सप्टेंबर १९२२ मध्ये, हस्तलिखित हातावेगळं करून, तोक्योत किंदाइचींच्या घरी ती हृदयविकाराने गेली. वय १९. पुस्तक पुढच्या वर्षी निघालं आणि आजही वाचलं जातं. तिची मावशी कान्नारी मात्सू पुढे कितीतरी वर्षं वह्यांमागून वह्या भरत राहिली. या दोन बायका नसत्या तर आज आयनू शिकणाऱ्या तरुणांच्या हाती यातलं फार थोडं उरलं असतं.

*

सारू नदी होक्काइदोच्या दक्षिणेला समुद्राला मिळते. तिच्या काठी बिरातोरी तालुक्यात निबुतानी नावाचं छोटं गाव आहे. वस्तीत आयनूंचं प्रमाण मोठं, अशी जपानमधली ही विरळा जागा. इथे १९२६ मध्ये कायानो शिगेरू यांचा जन्म झाला. आजी तेकात्ते हिने या नातवाशी आयनूतच बोलणं चालू ठेवलं. त्याच्या पिढीतल्या फार थोड्या मुलांच्या वाट्याला हे आलं. लहानपणीच त्याने आणखी एक गोष्ट पाहिली. घरच्या पोरांना खायला घालण्यासाठी नदीतून सामन धरल्याबद्दल पोलीस वडिलांना घेऊन गेले.

मोठेपणी कायानो जंगलतोडीच्या कामावर राबले. गावात विद्यापीठांचे अभ्यासक येत, जुन्या वस्तू घेऊन जात. एकदा वडिलांची तुकीपासुय, म्हणजे प्रार्थनेच्या वेळी देवाला मद्याचे थेंब वाहण्याची कोरीव पट्टी, अशीच एका अभ्यासकाकडे गेली. ती कायानोंच्या फार जिव्हाळ्याची होती. १९५३ च्या सुमारास त्यांनी ठरवलं की आता वस्तू आपणच जमवायच्या. कमाई मजुराची, पण त्यातूनच पैसे काढून ते वस्तू विकत घेत राहिले. पुढे टेपरेकॉर्डर घेऊन म्हाताऱ्यांकडून कथा आणि युकार ध्वनिमुद्रित करू लागले. १९७२ मध्ये निबुतानीत संग्रहालय उभं राहिलं. २००२ मध्ये निबुतानी आणि आसपासच्या परिसरातल्या अशा १,१२१ वस्तूंच्या संग्रहाला जपान सरकारने महत्त्वाच्या लोकसांस्कृतिक संपत्तीचा दर्जा दिला.

मला कायानोंबद्दल सगळ्यांत जास्त आदर वाटतो तो मात्र या संग्रहामुळे नव्हे. वस्तू जपून भागणार नाही, हे त्यांना फार लवकर कळलं होतं, त्यासाठी. ते स्वतः कोरत असत. जी वस्तू जुनी मिळाली नाही ती म्हाताऱ्यांना विचारून पुन्हा बनवत. मुलांसाठी त्यांनी घरच्या घरी आयनूचा वर्ग सुरू केला. १९८३ पासून त्याला शाळेचं रूप आलं. १९९६ मध्ये त्यांचा आयनू-जपानी शब्दकोश निघाला, २००१ मध्ये एफएम पिपाउशी हे चिमुकलं आयनू भाषेतलं रेडिओ केंद्र. मधल्या काळात, १९९४ साली, ते जपानच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहात गेले. संसदेत पोचलेले ते पहिले आयनू. तिथे ते आयनूत बोलले.

त्यांच्या आयुष्यातला मोठा लढा मात्र धरणाचा होता. तोमाकोमाईच्या पूर्वेला उभ्या राहणाऱ्या औद्योगिक वसाहतीला पाणी हवं म्हणून निबुतानीत सारू नदीवर धरण ठरलं. वसाहत अपेक्षेप्रमाणे उभीच राहिली नाही, धरण मात्र चालू राहिलं. बुडणाऱ्या जागेत ‘चिप सांके’चा काठ होता, नव्या कोरीव नावेला पहिल्यांदा पाण्यात सोडण्याचा तो विधी. कायानो आणि काइझावा तादाशी यांनी जमीन द्यायला नकार दिला. सक्तीने भूसंपादन झालं, तेव्हा ते न्यायालयात गेले. काइझावा वारले, त्यांच्या मुलाने खटला पुढे नेला. २७ मार्च १९९७ रोजी साप्पोरो जिल्हा न्यायालयाने निकाल दिला: भूसंपादन बेकायदेशीर होतं, कारण आयनू हे मूळनिवासी आहेत आणि त्यांच्या संस्कृतीचा पुरेसा विचारच झाला नाही. पण धरण बांधून झालं आहे, ते पाडणं लोकहिताचं नाही. म्हणून ते राहील.

एका देशाच्या न्यायालयाने एखाद्या समाजाला पहिल्यांदा मूळनिवासी म्हणायचं आणि त्याच निकालात त्याच्या नदीवरची भिंत कायम ठेवायची! जलाशय पुढे गाळाने भरत गेला. त्याच वर्षी जुना ‘संरक्षण’ कायदा रद्द होऊन आयनू संस्कृती संवर्धनाचा कायदा आला. त्याने भाषेच्या वर्गांना, नृत्याला, हस्तकलेला पैसे मिळाले, आणि त्याचा उपयोग झाला हे मान्य करायलाच हवं. जमीन, जंगल, नदी यांच्याबद्दल मात्र त्यात काही नव्हतं.

*

आज निबुतानीत फिरायला जाणाऱ्याला कारागिरांच्या कार्यशाळा एका रस्त्याच्या कडेने भेटतात. २०१३ मध्ये इथल्या दोन वस्तूंना, ‘निबुतानी अत्तुश’ आणि ‘निबुतानी इता’, जपानच्या अर्थ, व्यापार आणि उद्योग मंत्रालयाने पारंपरिक हस्तकलेचा राष्ट्रीय दर्जा दिला. होक्काइदोतल्या हस्तकलेला असा दर्जा मिळण्याची ती पहिलीच वेळ. इता म्हणजे अक्रोड किंवा कात्सुराच्या लाकडाचं सपाट तबक. त्यावर मोरेऊची वळणं, मधल्या जागेत माशाच्या खवल्यांसारखी बारीक जाळी. ही खवल्यांची जाळी कारागिराची परीक्षा असते. प्रत्येक खवला वेगळा कोरायचा, आणि शेजारच्याशी त्याची रेघ जुळली पाहिजे. हात थकला की लगेच दिसतं.

मेइजी काळातच काइझावा उतोरेन्तोकु नावाच्या इथल्या कारागिराची कोरीव तबकं साप्पोरोच्या बाजारात जात. त्यांचे पणतू काइझावा तोरू आज नावाजलेले शिल्पकार आहेत. त्यांचं ‘आयडेंटिटी’ हे काम मला फार मोलाचं वाटतं. लाकडात कोरलेलं आजच्या पद्धतीचं जाकीट, त्याची चेन थोडी उघडलेली, आणि आतून डोकावणारी आयनू नक्षी. परंपरा म्हणजे पणजोबांच्या तबकाची नक्कल, असं समजणाऱ्यांनी हे शिल्प जरूर बघावं. त्याआधी सुनाझावा बिक्की यांनी (१९३१–१९८९) प्रचंड ओंडक्यांतून आधुनिक शिल्पं घडवून हीच वाट काढली होती, आणि ‘आयनू कलावंत’ या चौकटीत बसायला त्यांनी कायम नकार दिला.

पर्यटनाचा प्रश्न अवघड आहे आणि त्यावर बाहेरच्याने पटकन मत देऊ नये. तोंडात सामन धरलेलं लाकडी अस्वल एके काळी जपानमधल्या घराघरांत होतं. अस्वल कोरून विकणं हा धंदा १९२० च्या दशकातला. याकुमो गावात त्याची प्रेरणा थेट स्वित्झर्लंडहून आणलेल्या नमुन्यांतून आली, आसाहिकावात मात्र आयनू कारागिरांनी तो स्वतःच्या हाताने उभा केला. म्हणजे जुन्या अर्थाने ही आयनू वस्तू नव्हेच. पण पर्यटकांसाठी अस्वलं कोरून कितीतरी घरांची चूल पेटत राहिली, आणि पटाशी हातातून सुटली नाही. आकान सरोवराकाठच्या वस्तीत हे स्पष्ट दिसतं. दुकानांची रांग आहे, २०१२ पासून नृत्याचं नाट्यगृह आहे, आणि त्याच वस्तीत फुजितो ताकेकींसारखा थोर शिल्पकार आयुष्यभर काम करत राहिला. पोट भरण्यासाठी केलेल्या कामाला खोटं म्हणण्याचा हक्क आपल्याला आहे असं मला तरी वाटत नाही.

अत्तुशच्या बाबतीत अडचण आहे ती सुताची आणि झाडाची. मोठी, सरळ वाढलेली ओह्यो झाडं जंगलतोडीनंतर विरळ झाली. उरली ती बरीचशी सरकारी वनात, म्हणजे परवानगी आली. म्हणून बिरातोरी आणि शिराओईसारख्या ठिकाणी ‘इवोर’ नावाने ओळखला जाणारा उपक्रम सुरू झाला: हस्तकलेला आणि विधींना लागणारी झाडं, वनस्पती, पाणथळी पुन्हा वाढवायच्या. इवोर म्हणजे एखाद्या वस्तीचं शिकारीचं, कंदमुळांचं, मासेमारीचं पिढीजात क्षेत्र. झाड लावल्यापासून त्याची साल काढण्याजोगी होईपर्यंत दशकं जातात, त्यामुळे या कामाचं फळ लावणाऱ्याच्या हयातीत दिसेलच असं नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने जंगलातल्या बांबूवरच्या हक्कासाठी जे केलं ते ज्यांनी जवळून पाहिलं आहे, त्यांना परवाना आणि हक्क यांतला फरक वेगळा समजावून सांगायला नको.

*

शिकणाऱ्यांची नवी पिढी आहे, आणि ती वाटते त्याहून उत्साही आहे. शिराओईत तीन वर्षांचा प्रशिक्षण कार्यक्रम चालतो. त्यात तरुण आयनू भाषा, विणकाम, कोरीवकाम, विधी असं सगळं एकत्र शिकतात. साप्पोरो विद्यापीठात २०१० पासून ‘उरेस्पा’ गट आहे. आयनू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती आणि त्यांच्याबरोबर शिकायला जपानी विद्यार्थीही. बिरातोरीच्या एका बस मार्गावर २०१८ पासून आयनूत घोषणा होतात. साखालिनच्या आयनूंचं तोन्कोरी हे पाच तारांचं वाद्य जवळजवळ मुकं झालं होतं. ओकी कानो यांनी ते पुन्हा हाती घेतलं आणि डब संगीताच्या साथीने जगभरच्या मंचांवर नेलं. नोदा सातोरू यांची ‘गोल्डन कामुय’ ही चित्रकथामाला २०१४ ते २०२२ चालली. तिच्यातली आशिरपा ही आयनू मुलगी २०१९ च्या ब्रिटिश म्युझियममधल्या मांगा प्रदर्शनाच्या जाहिरातींवर झळकली. आयनूतज्ज्ञ नाकागावा हिरोशी यांनी या मालिकेतली भाषा तपासून दिली. शाळकरी मुलांना आयनू जेवणाची, सुऱ्यांची, शिकारीची माहिती असावी, ही गोष्ट तीस वर्षांपूर्वी कुणाला खरी वाटली नसती.

तरीही आकडे विसरता येत नाहीत. होक्काइदो प्रशासनाच्या पाहणीत २००६ मध्ये २३,७८२ आयनूंची नोंद झाली. २०१७ मध्ये १३,११८. लोक इतके घटले असा याचा अर्थ नाही. कितीतरी जण नोंद देत नाहीत, तोक्यो-ओसाकाकडे गेलेले यात मोजलेच जात नाहीत. पण शेजाऱ्याला, सासरच्यांना, कधी कधी स्वतःच्या मुलांनाही न सांगण्याची सवय अजून पुरती सुटलेली नाही, हे त्यातून दिसतं.

१२ जुलै २०२० रोजी शिराओईत पोरोतो सरोवराकाठी ‘उपोपोय’ उघडलं. राष्ट्रीय आयनू संग्रहालय, उद्यान, कार्यशाळा, नृत्यगृह असा मोठा पसारा. तिथल्या फलकांवर आयनू भाषेला पहिलं स्थान आहे आणि माहितीचा मजकूर ‘आम्ही’ असं म्हणत बोलतो. ही लहान गोष्ट नाही. तरुण आयनूंना तिथे त्यांच्या ज्ञानाबद्दल पगार मिळतो. हे त्यांच्या आजी-आजोबांच्या वाट्याला आलं नव्हतं. त्याच परिसरात, थोड्या अंतरावर, एक स्मारक आहे. विद्यापीठांच्या संशोधकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आयनूंच्या थडग्यांतून उकरून नेलेले हजाराहून अधिक माणसांचे अवशेष तिथे ठेवले आहेत. ते त्यांच्या मूळ गावच्या मातीत परत गेले पाहिजेत, सरकारी स्मारकात नव्हे, असं म्हणणारे आयनू आहेत. मला त्यांचं म्हणणं पटतं. ज्या समाजाचे पूर्वज पेट्यांतून परत आणावे लागतात, त्याच्या नृत्याला टाळ्या देताना या पेट्या नजरेआड करता येत नाहीत.

*

सामनकडे वळल्याशिवाय हे सगळं पुरं होत नाही. सामनला आयनू कामुय चेप म्हणतात, म्हणजे देवाचा मासा. शरद ऋतूत पहिला मासा नदीत चढला की त्याच्या स्वागताचा विधी करायचा: आशिर चेप नोमी. साप्पोरोच्या तोयोहिरा नदीवर तो विधी बराच काळ बंद पडल्यावर १९८२ मध्ये पुन्हा सुरू झाला, आणि नंतर इतर नद्यांवरही. विधीसाठी मासा लागतो, आणि नदीत सामन धरणं जपानी कायद्याने बंद. म्हणून दरवर्षी सरकारकडे खास परवानगी मागावी लागते. २०१९ चा आयनू कायदा हा आयनूंना मूळनिवासी म्हणणारा पहिला कायदा. त्याने ही परवानगी मिळणं सोपं केलं. सरकारी वनातून विधीची आणि हस्तकलेची सामग्री गोळा करणंही काहीसं सुलभ केलं. हक्क मात्र दिला नाही.

तोकाची नदीच्या मुखाशी उराहोरो गाव आहे. तिथल्या आयनूंच्या ‘रापोरो आयनू नेशन’ या गटाने ऑगस्ट २०२० मध्ये साप्पोरो जिल्हा न्यायालयात दावा लावला. आमचे पूर्वज या नदीत मासे धरून जगत आणि व्यापार करत, तो हक्क आम्ही कधी कुणाला दिलेला नाही, म्हणून तो आजही आमचा आहे, असं त्यांचं म्हणणं. मूळनिवासी म्हणून नदीवरचा सामूहिक हक्क मागणारा जपानमधला हा पहिला खटला. १८ एप्रिल २०२४ ला निकाल लागला. सामन धरणं हा आयनू संस्कृतीचा महत्त्वाचा भाग आहे, संस्कृतीचा उपभोग घेण्याच्या त्यांच्या हक्काचा आदर व्हायला हवा, असं न्यायालय म्हणालं. नदी ही सार्वजनिक आहे, तिच्यात उपजीविकेसाठी मासे धरण्याचा वेगळा हक्क कुणा एका समूहाला मान्य करता येत नाही, असंही म्हणालं. दावा फेटाळला गेला.

या निकालात आयनूंचा अख्खा प्रश्न आला आहे. मासा विधीसाठी धरला तर संस्कृती, घरी खायला आणि बाजारात विकायला धरला तर गुन्हा. पण तो विधी ज्या जगण्यातून आला ते जगणं खाण्याचं आणि विकण्याचंच होतं. मारेक हा आयनू आकडीभाला घ्या. टोकाचा आकडा मासा टोचताच उलटा फिरतो आणि मासा त्याला लटकून वर येतो. तो बनवायला शिकवता येतं, आणि आज शिकवला जातोही. पण आकड्याला बाक किती द्यायचा हे कळायला हंगामभर रोज नदीत उतरावं लागतं, मासे निसटू द्यावे लागतात, काठी बदलून पाहावी लागते. कातडीच्या बुटांना अंडी घालून झालेला मासा हवा तर तो उशिरा, नदीच्या वरच्या अंगाला मिळतो. परवान्याच्या अर्जात मात्र आधीच लिहून द्यावं लागतं: कोणती नदी, नदीचा कोणता भाग, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या साधनाने, आणि किती मासे.